दहाव्या बोल्टवरच्या दोन रेघा

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही, हा माझा जुना नियम. त्यामुळे डॉक्टरबाईंची गाडी आदल्या दुपारी आली तरी मी ती तशीच ठेवली आणि सकाळी नऊच्या सुमाराला टॅपेट कव्हर उचललं. बाई दातांच्या डॉक्टर. गाडी त्यांच्या वडिलांची, चोवीस वर्षांची, फिक्या निळ्या रंगाची, आणि वडील गेल्यापासून बाईंचा तिच्यावर फार जीव. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय कळत नाही, असं त्या एखाद्या पेशंटची तक्रार सांगावी तसं सांगून गेल्या होत्या. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला पातळ पत्रा, गेलेलं असणार, हे धुराच्या वासावरूनच कळत होतं. कव्हर बाजूला ठेवलं, फडक्याने तेल पुसलं आणि हेडचे दहा बोल्ट उघडे पडले. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली हेडच्या धातूवर उतरलेली एक बारीक रेघ होती. छिन्नीने मारलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. पहिल्यांदा मला एवढंच वाटलं की अरे, ही गाडी आपण आधी खोलली आहे. शेवटचा ताण देऊन झाला की अशी एक रेघ मारायची माझी पद्धत आहे. बोल्ट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. या शहरात दुसरं कुणी हे करत नाही, रिकामटेकडेपणा म्हणतात. मी गाडी आठवायचा प्रयत्न केला. रंग आठवेना, नंबर आठवेना. वय झालं आपलं, असं म्हणून हसूही आलं. मग मी दिवा जवळ ओढला. माझ्या रेघा उजवीकडे कलतात. या दहाच्या दहा डावीकडे कललेल्या होत्या. आणि कोपऱ्यातल्या दहाव्या बोल्टवर एक नाही, दोन होत्या.

माझा दादा डावखुरा होता. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या, त्यामुळे त्याची प्रत्येक खूण आरशात बघितल्यासारखी उलटी पडायची. रेघ मारायची पद्धत मुळात त्याचीच. मी ती त्याच्याकडून उचलली, जसं सगळंच उचललं. बोल्टचे आटे तेलाने ओले करायचे, पण खालच्या भोकात तेलाचा थेंब राहू द्यायचा नाही, नाहीतर तेल दाबलं जाऊन ब्लॉकला चीर पडते. आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं. एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. दुसरी रेघ मात्र मी कधी घेतली नाही, कारण ती त्याची गंमत होती. दहावा बोल्ट झाला की तो दोन रेघा मारायचा आणि म्हणायचा, "एक बोल्टची, एक जेवणाची." दहावा बोल्ट झाल्याशिवाय तो जेवायला उठत नसे, आणि वहिनी डबा घेऊन दारात ताटकळत उभी असायची. ही गंमत आम्हा तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हती. आणि दादाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्याला मी माझ्या हातांनी मातीत ठेवलं होतं.

फडकं मी उगाच घडी करत राहिलो. दादा घरातून निघून गेला त्याला एकवीस वर्षं झाली. गॅस्केट आणतो म्हणून दुपारी बाहेर पडला, इंजिन उघडं टाकून, आणि परत आलाच नाही. दोन वर्षांनी कालव्यात एक माणूस सापडला. म्हणजे ही गाडी नवी असताना, पहिल्या तीन वर्षांतच, दादाने तिचं हेड खोललं असणार. नव्या गाडीचं हेड कोण खोलतं? पण खोलतात; पाणी न घालता कुणी दामटली असेल, तापली असेल. रविवारी दादा बाहेरची कामं करायचा. "होऊ शकतं की," मी म्हणालो, आणि गॅरेजमध्ये दुसरं कुणी नसताना आपण मोठ्याने का बोललो ते मला कळेना. समोरच्या भिंतीवर पाने ओळीने टांगलेले होते. बाहेर रस्त्यावर कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत नेत होतं. सगळं नेहमीसारखं होतं, फक्त मला मागे वळून बघावंसं वाटत होतं आणि मी वळत नव्हतो. हेड गॅस्केटच्या पत्र्यावर एका कोपऱ्यात ते बनवल्याचं साल ठोकलेलं असतं. हेड उचललं की कळणार होतं. सकाळी नऊ वाजता, आपल्याच गॅरेजमध्ये, मला हेड उचलायचं नव्हतं.

बोल्ट सोडताना उलटं जायचं असतं, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत. म्हणजे पहिला नंबर दहाव्याचा. त्याच्या डोक्यावर पान्याची गोटी बसवली, लांब दांडा लावला आणि ओढलं. जुना बोल्ट सुटायच्या आधी एक आवाज करतो, वाळलेली फांदी मोडावी तसा. त्या आवाजाआधीचा जो क्षण असतो, हात पूर्ण ताणलेला आणि अजून काही हललेलं नाही, त्या क्षणात मला स्पष्ट जाणवलं की पलीकडून कुणीतरी धरलंय. तेवढ्याच ताकदीने. मग त्याने सोडलं. मी घाम पुसला आणि पुढचा घेतला. पुन्हा तेच. इतकी वर्षं लोकांनी आवळलेले बोल्ट मी सोडत आलोय. एक ढिला असतो, एक इतका आवळलेला की दांडा वाकावा, कुणी घाईत असतं, कुणी रागात. सोडताना माणूस कळतो. हे दहाही सारखे होते. एकाच माणसाने, पोटात भूक असताना, शांतपणे आवळलेले. दादा शेवटच्या वर्षात असाच झाला होता. बोलायचा कमी, आवळायचा अचूक. त्या वर्षातली एक दुपार मला नेहमी आठवते. वहिनी डबा घेऊन आलेली, मी काहीतरी बोललो, ती खळखळून हसली. दादा गाडीखाली झोपलेला होता. त्याला फक्त आमचे पाय दिसत असणार, तिचे आणि माझे, जवळजवळ. गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्याने पायांवरून काही ओळखलं का, हा प्रश्न मी एकवीस वर्षं सोबत बाळगलाय. खरं म्हणजे ओळखण्यासारखं काही घडलं नव्हतं. पण घडलं नव्हतं ते सगळं माझ्याच मनात होतं.

आणि कालव्यातला माणूस. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक लांब खोली, फरशी ओली, तिथला माणूस तोंडात काहीतरी चघळत होता. त्याने कापड बाजूला केलं आणि म्हणाला, "बघा नीट." चेहरा उरला नव्हता. अंगात निळा डगला, उंची दादाएवढी, वयही तेवढंच. मी बघितलं आणि हो म्हणालो. आठवताना माझं मन त्या 'हो'पाशी येतं आणि तिथून वळतं, अरुंद गल्लीत गाडी वळवावी तसं, मागेपुढे करत. पाच बोल्ट उरले होते. मग दोन. मग मी दोन्ही हातांनी हेड उचललं, बाकावर ठेवलं, आणि चिकटून बसलेलं गॅस्केट पात्याने हळूहळू सोडवून घेतलं. दोन नंबरच्या सिलिंडरजवळ ते जळालं होतं, पाणी तिथूनच जात होतं. कोपरा फडक्याने पुसला. साल स्पष्ट ठोकलेलं होतं. दादाला मातीत ठेवल्यानंतरचं, आठ वर्षांनंतरचं.

मी स्टुलावर बसलो. मला दादाची भीती वाटली नाही, तो समोर येऊन उभा राहिला असता तरी वाटली नसती. भीती वाटली ती दुसऱ्याची. एकोणीस वर्षं दादाचं नाव पांघरून जो पडला होता, ज्याच्यासमोर आम्ही दरवर्षी जाऊन उभे राहायचो, ज्याला मी मनात 'दादा' म्हणून घरातल्या चार गोष्टी सांगायचो, त्याने त्या सगळ्या ऐकल्या होत्या. कुणीतरी तिऱ्हाईत. तो आता गॅरेजमध्ये आहे असं मला वाटायला लागलं. कुठे, ते सांगता आलं नसतं. उघड्या सिलिंडरांच्या चार काळ्या तोंडांमध्ये मी बघेनासा झालो. मी डॉक्टरबाईंना फोन लावला, माणसाचा आवाज ऐकायचा म्हणून जितका, तितकाच विचारायचं म्हणून. "हो हो, एकदा खोललं होतं ना," बाई म्हणाल्या, मागे त्यांची मशीन घरघरत होती. "अकरा वर्षं झाली. आम्ही बाबांना घेऊन फिरायला गेलो होतो, हमरस्त्यावर बंद पडली. तिथेच एका गॅरेजमध्ये चार दिवस होती. मेकॅनिक फार भला माणूस. बाबा त्याला म्हणायचे, अहो जेवून घ्या आधी. पण तो काम झाल्याशिवाय उठेचना." मग थांबून म्हणाल्या, "डावखुरा होता. मला आठवतं, कारण मीही डावखुरी. का हो, काही चुकवून ठेवलंय का त्याने?"

"नाही," मी म्हणालो. "त्याने काही चुकवलेलं नाही."

एक वाजता ती डबा घेऊन आली. ती म्हणजे माझी बायको; आधीची वहिनी. कालव्यानंतर तीन वर्षांनी आम्ही लग्न केलं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, दीर म्हणून मला आधीपासून 'तू' म्हणायची, तेच पुढे चालू राहिलं. मला मात्र 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला वर्ष लागलं, आणि लोकांसमोर तोंडून 'वहिनी' निघून जायचं ते वेगळंच, ती हसून म्हणायची, "जीभ सर्व्हिसिंगला टाक." दादाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती आजही मला काकाच म्हणते, आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि दर आठवड्याला फोनवर आधी मला मागते. हे सगळं मी बांधलं होतं असं म्हणा. बांधलं चांगलं होतं. तिने डबा बाकावर ठेवला आणि ताटलीतले सुटे बोल्ट बघितले. मी लपवले नव्हते. लपवायचे राहून गेले की मुद्दाम समोर ठेवले, मला माहीत नाही. तिने नेमका दोन रेघांचा तोच उचलला, उजेडात धरला आणि अंगठ्याने घासला.

"हा कुठला?"

"डॉक्टरबाईंच्या गाडीतला."

"जुना असेल."

मी गॅस्केट पुढे केलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिने साल वाचलं. ओठ हलवून पुन्हा वाचलं. मग तिथल्या टायरवर बसली, तिची साडी तेलात गेली तरी तिचं लक्ष नव्हतं. "म्हणजे तो आहे," ती म्हणाली.

"अकरा वर्षांपूर्वी होता."

"मग आपण कुणाला..." तिने वाक्य सोडून दिलं. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा पीक-पीक आवाज येत राहिला. मग तिने मान वर केली. "तुला आज कळलं?"

हो म्हणायला एकच अक्षर लागतं. ते माझ्या सवयीचं होतं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा नुसतं आश्चर्य होतं, त्यात माझ्याबद्दल काहीही नव्हतं, आणि आणखी एका 'हो'ने ते तसंच राहिलं असतं. आम्ही दोघं मिळून चकित झालो असतो, दोघं मिळून रडलो असतो. मी तोंड उघडलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तेव्हाच कळलं होतं."

मी सांगत गेलो. की तळघरात चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी हातांकडे बघितलं. डाव्या हाताने पाना ओढणाऱ्याच्या डाव्या तळव्याला घट्टे असतात. त्या माणसाचा डावा तळवा मऊ होता. घट्टे उजव्या हाताला होते. कापड बाजूला केल्यापासून पाच-सात सेकंदांत मला कळलं होतं की हा दादा नाही, आणि त्यानंतर मी हो म्हणालो होतो.

"मी आत येत होते," ती म्हणाली. तिचा आवाज फार साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारताना असतो तसा. "तू दारात आडवा उभा राहिलास. म्हणालास, बघू नका, सहन होणार नाही."

"हो."

"मी कितीदा म्हटलंय तुला, की माझ्यासाठी तू एकट्याने ते बघितलंस. आभार मानलेत."

"हो."

"आणि तू ऐकून घेतलेस."

तिने विचारलं, "का?"

"तुम्ही वाट बघायच्या थांबाव्यात म्हणून. रोज संध्याकाळी पोरीला घेऊन फाटकात उभ्या राहायच्या तुम्ही. दोन वर्षं."

"खरं सांग."

"मला तुम्ही हव्या होतात," मी म्हणालो.

ती उठली. बोल्ट ताटलीत जागेवर ठेवला, अगदी आवाज न करता. दारापर्यंत गेली आणि सवयीने म्हणाली, "जेवून घे." मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती क्षणभर तशीच थांबली, पाठमोरी, आणि निघून गेली.

पुढचे तीन दिवस घरात आम्ही गरजेपुरतं बोललो. मीठ, किल्ली, फोन वाजतोय. मी हेड घासून सपाट करायला पाठवलं, नवं गॅस्केट आणि नवे बोल्ट मागवले. डॉक्टरबाईंनी शोधून दिलेल्या नंबरवर हमरस्त्यावरच्या त्या गॅरेजला फोन केला. मालक म्हातारा होता, पण आठवण पक्की. "डावखुरा ना? होता की. चांगली सहा वर्षं होता. सोन्यासारखा कारागीर." मग तो जरा घुटमळला. "एक दिवस दुपारी पार्ट आणतो म्हणून गेला. इंजिन उघडं टाकून. आलाच नाही बघा. तुम्ही कोण त्याचे?" मी फोन ठेवला. इतकी वर्षं ज्या दुपारसाठी मी स्वतःला जबाबदार धरलं ती दुपार दादा आपल्यासोबत घेऊनच फिरत होता. तिथेही कुणाचे तरी पाय दिसले असतील, किंवा काहीच दिसलं नसेल. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. वाटलं, या क्षणी कुठेतरी एका गॅरेजमध्ये एक माणूस नऊ बोल्ट आवळून दहाव्यावर पाना लावतो आहे, आणि त्याला कुणीही ओळखत नाही. मी हे तिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "त्याला शोधायचं नाही," ती म्हणाली. "त्याला आपला पत्ता माहीत आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "पोरीला मी सांगेन. तू मध्ये बोलू नकोस."

चौथ्या दिवशी सकाळी ती गॅरेजमध्ये आली, हातात घडी घातलेला कागद. तिन्ही दिवस ती बाहेर कुठे जात होती ते मी विचारलं नव्हतं. ती दवाखान्यात गेली होती, तिथून पोलीस चौकीत, पुन्हा दवाखान्यात. दवाखान्यातल्या कारकून बाईने शेवटी कंटाळून जुनी बाडं काढून दिली होती. "त्याच आठवड्यात एक हरवल्याची तक्रार आहे," ती म्हणाली. "सुतार होता. उंची तीच, वय तेच, निळा डगला. बहिणीने दिलेली. तिचा पत्ता आहे." तिने कागदाची घडी उलगडली. "आपल्यानंतर तीन दिवसांनी ती बहीण दवाखान्यात आली होती. तिला सांगितलं, एक सापडला होता, पण त्याच्या घरच्यांनी नेला." मी हातातलं काम ठेवून उठायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. "आधी गाडी पुरी कर. उघडं टाकून जाणारा एक पुरे आहे घरात. सोमवारी चौकीत जबाब द्यायला बोलावलंय तुला, आज तिच्याकडे जायचं."

तिने गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक उघडून गुडघ्यावर घेतलं आणि क्रम वाचून दाखवायला लागली. मला तो पाठ आहे, पण मी नको म्हणालो नाही. भोकं हवा मारून कोरडी केली, गॅस्केट बसवलं, हेड उतरवलं. आटे तेलाने पुसले, बोल्ट आधी बोटांनी फिरवून टेकवले. एकही अडखळता कामा नये; अडखळला तर पान्याने दामटायचा नाही, काढून पुन्हा लावायचा. मग टॉर्क पाना, ठरवलेला ताण आला की कट् वाजणारा. पहिला फेरा तीन किलोवर. ती म्हणायची "मधला डावा," मी ओढायचो, पान्याच्या पोटात कट् व्हायचं, ती म्हणायची "मधला उजवा." दुसरा फेरा पाच. तिसरा साडेसहा. तिसऱ्या फेऱ्यात कट् झालं तरी हात थांबेना. वाटायचं, ऐकण्यात चूक झाली, हा सैल आहे, सगळेच सैल आहेत, आणखी थोडं. जुन्या गाडीत हीच तर खोट असते. धातू थकलेला असतो, भीतीपोटी जास्त आवळलं की आटेच उपटून वर येतात आणि मग काहीच धरत नाही. सहाव्या बोल्टवर मी कट् झाल्यावरही पाना सोडला नाही. गॅरेजमध्ये एकदम शांतता झाली होती. दांड्यावर आणखी एक वजन आल्यासारखं वाटलं, माझ्या हातावर हात ठेवल्यासारखं, आणि तो हात ढकलतोय की अडवतोय ते मला कळेना.

"वाजलंय," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "सोड."

मी सोडला. पुढचे चार तिने सांगितले तसे केले. दहावा झाल्यावर मी छिन्नी उचलली नाही. पाना शून्यावर आणून पेटीत ठेवला, पाणी भरलं, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. धूर नाही. ट्रायल घ्यायचीच होती. ती शेजारी येऊन बसली आणि कागदावरचा पत्ता वाचला. गॅरेजपासून वीस मिनिटांचा रस्ता. एकोणीस वर्षं वीस मिनिटांवर.

सुताराची बहीण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. साठीची, गळ्यात मापाची टेप, चष्मा कपाळावर, मागे शिवणयंत्र आणि अर्धवट शिवलेला कोट. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं समजून तिने आधी माझ्या खांद्यांकडे बघितलं. बायकोने सुरुवात केली, पण मी म्हणालो, मी सांगतो. उभ्यानेच सांगितलं. हातांचं सांगितलं, कळलं होतं तेही सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही, नुसती गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडावं असं फार वाटत होतं.

"दारूच्या पायी पळून गेला असं मी सगळ्यांना सांगत आले," ती शेवटी म्हणाली. "प्यायचा नाही हो तो. पण काहीतरी सांगावं लागतं ना लोकांना." मग माझ्याकडे न बघता तिने बायकोला विचारलं, "कुठे ठेवलंय त्याला?"

बायकोने सांगितलं. नदीपलीकडची दफनभूमी, मागची रांग.

"एकटाच आहे?"

"नाही. मी जाते ना," बायको म्हणाली. "दर महिन्याला. झाडून काढते, गवत वाढतं फार. फुलं ठेवते."

बहिणीने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बराच वेळ. मग चष्मा डोळ्यांवर ओढला, यंत्राचं बटण बंद केलं आणि चपला शोधायला लागली.

गाडीत ती पुढे बसली, बायको मागे. वाटेत तिने एकदाच तोंड उघडलं, पुलावर: "दगडावर तुमच्या भावाचं नाव असेल." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "ते काढून घ्या," आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तापमानाचा काटा मधोमध होता, इंजिन तापत नव्हतं, काही गळत नव्हतं. फाटकापाशी मी गाडी थांबवली तर दोघी उतरून चालायला लागल्या. मला कुणी ये म्हणालं नाही, म्हणून मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. ऊन होतं. लांबून दिसत होतं की बायको पुढे होऊन रांग दाखवतेय, बहीण मागोमाग चाललीय, मग दोघी थांबल्या. बायको खाली वाकली आणि सवयीने दोन-चार काड्या उचलल्या. बहीण उभीच होती. ती जमिनीकडे बघत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून, कापड बेतायच्या आधी बघावं तशी. मग तिने मान वळवली आणि फाटकाच्या दिशेने हात वर करून हाक मारली.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या. तुम्हीच ठेवलंत ना त्याला? मग सांगा मला. डोकं कुठल्या बाजूला आहे त्याचं?"

मी गेलो, आणि वाकून दाखवलं.